तुपातलं पान

रविवारी दुपारी पानाच्या टपरीवर जाऊन म्हटलं, "एक पान द्या. नुसतं."

टपरीवाल्याचं बोट चुन्याच्या डबीत गेलंच होतं. "नुसतं म्हणजे? कात-चुना?"

"काहीच नको. कोरं."

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पूजेला का?"

"तूप कढवतोय."

त्याचा चेहरा एकदम निवळला. पुढ्यातलं पान बाजूला ठेवून त्याने ओल्या फडक्याखालून चांगलं जून, गडद पान काढलं. "कोवळं लगेच जळतं," म्हणाला. पैसेही घेतले नाहीत. आपण एकाच भाऊबंदकीतले निघालो, असा काहीतरी भाव होता.

मुलीला पातेल्यापाशी उभं करून आलो होतो, त्यामुळे पळतच घरी. तूप डोळ्यांपेक्षा कानाने कढवायचं असतं. लोणी आधी खूप बडबडतं, तडतडतं, आणि मग अचानक गप्प होतं. गप्प झालं की बेरी बदामी होऊ लागली म्हणून समजायचं. पान टाकायचं ते तेव्हाच. आजीच्या पातेल्यातून चर्र ऐकू आलं, की आम्ही चारही भावंडं, कुणी गच्चीवर असो, कुणी गल्लीत, स्वयंपाकघरात हजर. तळलेलं पान पापडासारखं कुरकुरीत व्हायचं. बेरीत साखर घालून वाटी मिळायचीच, तिच्यावरून भांडण नव्हतं, बेरी भरपूर असायची. पान मात्र एकच. आजी त्याचे चार तुकडे करायची, देठाकडचा कुणालाच नको असायचा. टोक तर कुणाला मिळायचंच नाही. ते तिच्या हातात कुठे गायब व्हायचं, याचा आम्ही फारसा विचार केला नाही.

तसं आमच्या घरात पान खायला सक्त बंदी होती. तुपातलं चालायचं.

पान कशाला घालायचं, असं विचारलं की आजी म्हणायची, "तूप रवाळ होतं." शेजारच्या काकू म्हणायच्या, "वास छान येतो." आईच्या माहेरी शेवग्याचा पाला घालत, तो विषय आजीसमोर काढायचा नाही, असा घरात अलिखित नियम होता. खरं तर रवा धरतो तो तूप सावकाश निवण्याने. पानाचं काम निराळंच, ते म्हणजे तूप खवट होऊ न देणं.

आणि खवटपणाशी माझं जुनं वैर आहे. लाडू असो, शेंगदाणे असोत, चिवडा असो, डबा उघडला की आधी हुंगायचं, मग खायचं. लोकांकडे गेल्यावर ही खोड फार महागात पडते.

हवेतला ऑक्सिजन तुपातल्या एका कणाला बिघडवतो, तो शेजारच्याला, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. वर्गात मागच्या बाकावरून खसखस पिकत पुढे येते, तसं. पानातली युजेनॉल, हायड्रॉक्सीचॅव्हिकॉल ही मंडळी मधेच उभी राहून "मीच केलं, सर" म्हणतात. आपल्याजवळचा हायड्रोजन देऊन टाकतात आणि साखळी तिथेच तुटते. १९७९ साली विड्याचं पान आणि कढीपत्ता तुपात घालून हे तपासलंही गेलं आहे. तेलाची पिशवी उलटी करून पाहा, बारीक अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट (३१९)' असं पुष्कळदा सापडेल. काम तेच, फक्त कारखान्यातलं, म्हणून नंबर मिळालेला.

युजेनॉल म्हणजे लवंगेतलं तेच. दातांच्या दवाखान्यात शिरताक्षणी पोटात गोळा आणणारा तो वास. जंतूंनाही त्याचं वावडं. दात किडवणाऱ्या जंतूंवर पानाचा अर्क चालतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. हे वाचलं तेव्हा मला धाकटे काका आठवले. "पान औषधी असतं," हे त्यांचं पेटंट वाक्य. पितळी डबा, त्यात कात, चुना, अडकित्त्याने बारीक कातरलेली सुपारी. तंबाखू कधीच नाही, याचा केवढा अभिमान!

पान औषधी असेलही. सुपारी नव्हती. तिने गाल आतून ताठ होत जातात, कातडं आवळत येतं. तोंडात तीन बोटं उभी मावायला हवीत, असं डॉक्टर म्हणाले होते. काकांच्या तोंडात एकच जायचं, तेही कसंबसं. तंबाखूशिवायच्या पानसुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली छापलं. तोवर काकांचा पितळी डबा बोहारणीकडे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

ते जेवायला आमच्यानंतर बसायचे, भिंतीकडे तोंड करून. चहाच्या चमच्याने गुरगुट्या भात, वर आजीने सोडलेलं कढत तूप. आणि त्यात तिने बोटांनी पीठ होईपर्यंत चुरलेलं पानाचं टोक.