आठ ओहमचा बॉक्स मागवला, चारचा आला

‘तपासणी केली. दोष आढळला नाही.’

एवढीच चिठ्ठी चिकटवून माझा बेस गिटारचा स्पीकर-बॉक्स २३ दिवसांनी मुंबईहून मिरजेला परत आला. दोष नव्हताच त्यात. दोष आहे असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. मी सांगत होतो की तुम्ही मला दुसराच माल पाठवलाय. हे एक वाक्य समोरच्यांच्या गळी उतरवायला मला अडीच महिने लागले, म्हणून सविस्तर लिहितोय. आपल्या भागात बेस वाजवणारे मोजके, त्यात स्वतःचा बॉक्स विकत घेणारे आणखी मोजके. ज्याला घ्यायचाय त्याचे तरी हे दिवस वाचावेत.

मी १७ वर्षं ऑर्केस्ट्रात पाच तारांचा बेस वाजवतो. जुना बॉक्स एका पंधरा इंची स्पीकरचा होता, वजन ४० किलोच्या आसपास. मे महिन्यात एका लग्नात त्याचा कोन कडेने फाटला. नवा कोन बसवून मिळाला असता, पण प्रत्येक कार्यक्रमाला तो जिन्यावरून चढवायला दोन माणसं शोधायची, हे मला आता नको होतं. हेड, म्हणजे बॉक्सला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर, मात्र उत्तम आहे: क्लास डी जातीचं, वजन जेमतेम तीन किलो. पाठीमागे लिहिलंय, ४ ओहमला ५०० वॅट, ८ ओहमला ३००, आणि ४ च्या खाली जाऊ नये. (ओहम म्हणजे बॉक्स विजेला किती विरोध करतो त्याचं माप; ते जितकं कमी तितका हेडवर भार जास्त.) हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

आधी निवडीबद्दल. पुण्या-मुंबईची पाच दुकानं फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःचा बेस, स्वतःचं हेड घेऊन गेलो. हे कराच. दुकानातल्या हेडवर ऐकलं तर कळतो तो त्या हेडचा आवाज. शिवाय बॉक्सच्या पुढ्यात बसून ऐकू नका. दहा-बारा फूट लांब उभं राहून वाजवा, कारण स्टेजवर ढोलकीवाल्याला आणि ऑक्टोपॅडवाल्याला तुम्ही तिथूनच ऐकू येणार असता.

‘खोल आवाज पाहिजे तर पंधरा इंचीच घ्या’ असं मला पाचही दुकानांत सांगितलं. खरं तर एकट्या इंचावर खोली ठरत नाही. स्पीकर कसा बनवलाय, पेटीच्या आत हवेला जागा किती, पेटी बंद आहे की पोर्टवाली (हवेसाठी भोक ठेवलेली), या सगळ्यावर ते ठरतं. पाच तारांच्या बेसची सगळ्यात जाड मोकळी तार, लो बी, ३१ हर्ट्झच्या आसपास वाजते. चार तारांची ई ४१ ला. बहुतेक बेस बॉक्स ३१ हर्ट्झ धडपणे देतच नाहीत. आपला कान वरच्या ६२ वरून आणि त्याच्याही वरच्या स्वरांवरून तो सूर ओळखतो. अ‍ॅम्पेगचा १९६९ सालचा आठ दहा-इंची स्पीकरांचा बंद पेटीचा बॉक्स अर्ध्या जगाने स्टेजवर ठेवला, तोसुद्धा मूळ खालचा स्वर फारसा देत नाही. त्यामुळे कागदावर ‘३० हर्ट्झपासून’ असं छापलेलं वाचून हुरळून जाऊ नका. तिथे आवाज किती डेसिबल पडलेला असताना ते मोजलंय, ते विचारा.

याचं सगळ्यात सोपं उत्तर मला मिरजेतच मिळालं. सतारमेकर गल्लीत आमच्या ओळखीचे एक काका तंबोरे करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी आख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. त्यांच्याकडे सहज बसलो असताना बॉक्सचा विषय निघाला. पंढरपूरकडून आलेले भोपळे ओळीने वाळत ठेवलेले. त्यांतल्या एकावर बोटाच्या पेराने टकटक करून ते म्हणाले, ‘‘पुरुषी तंबोऱ्याला ह्यो मोठा भोपळा लागतोय बघ. लहान भोपळ्यातनं खर्ज कुठनं यायचा?’’ बॉक्सचंही अगदी तेच आहे. लहान पेटी, खोल स्वर आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तीन गोष्टी एकत्र कुणीच देऊ शकत नाही. त्यांतल्या दोन निवडायच्या आणि तिसरी सोडायची. मी लहान पेटी आणि बऱ्यापैकी खोली घेतली. त्यासाठी जास्त वॅट ओतायला लागतील हे कबूल केलं, कारण वॅट माझ्याकडे होते.

म्हणून ठरलं: एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, बारा इंची एकेका स्पीकरचे दोन बॉक्स. हलक्या निओडिमियम मॅग्नेटचे, एकेक १४ किलोचा, ३०० वॅट झेलणारा. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा, मदतनीस नको. छोट्या कार्यक्रमाला एकच न्यायचा. आणि दोन्ही ८ ओहमचे. आठ-आठ समांतर जोडले की चार होतात, हेड पूर्ण ५०० वॅट देतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला २५० येतात. सगळं कसं चपखल बसत होतं.

जूनच्या शेवटी मुंबईतल्या एका दुकानात पैसे भरले. दोन्ही मिळून लाखाच्या जवळ गेले. बिलावर दोन्ही ओळींत स्वच्छ ‘८ ओहम’. आठवड्याभरात ट्रान्सपोर्टने माल आला, बिल्टी दाखवून सोडवला, रिक्षातून घरी आणला.

घरी केबल लावायला बॉक्स उलटे फिरवले आणि एकाच्या पाठीवरच्या जॅकप्लेटवर (केबल जिथे लागते त्या पट्टीवर) ‘४’ दिसला. आधी वाटलं छपाईची चूक असेल. मल्टिमीटर काढला, केबलच्या टोकाला दोन्ही पिना टेकवल्या. पहिला बॉक्स ५.९. दुसरा ३.२. (मीटरवर पूर्ण आकडा येत नाही, तो फक्त स्पीकरच्या आतल्या कॉइलच्या तारेचा रोध दाखवतो, ८ चा बॉक्स साडेपाच ते सातच्या दरम्यान दिसतो, ४ चा तीन-साडेतीन.) म्हणजे छपाई बरोबर होती, मालच दुसरा होता.

आठला चार जोडला की होतात २.६७ ओहम. हेडला चारच्या खाली चालत नाही. ते तापणार, भर कार्यक्रमात प्रोटेक्शनला जाऊन, म्हणजे स्वतःला वाचवायला आपोआप बंद होऊन, गप्प बसणार, किंवा जळणार. वर चार ओहमवाला दोन तृतीयांश ताकद ओढून घेणार, म्हणजे जोडीतला एक भाऊ राबणार आणि दुसरा बसून राहणार. एकटा तो चारचा लावावा, तर ३०० वॅटच्या बॉक्सवर ५०० वॅटचं हेड. कुठूनही उपयोग नाही.

दुकानात फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, ‘‘सर, दोन्हीतून आवाज येतोय ना?’’

‘‘येतोय.’’

‘‘मग प्रॉब्लेम काय आहे?’’

मी सगळं गणित सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘सर, तुम्ही सर्व्हिसचा फॉर्म भरा.’’ इथे मी चुकलो. मी फॉर्म भरला.

त्या फॉर्ममध्ये ‘तक्रारीचा प्रकार’ म्हणून चार पर्याय होते: आवाज येत नाही, आवाज फाटतो, बाहेरून मोडतोड, इतर. ‘चुकीचा माल मिळाला’ हा पर्यायच नव्हता. मी ‘इतर’ निवडलं आणि खाली ठळक लिहिलं: मागवला ८ ओहम, आला ४ ओहम, बदलून द्यावा. बॉक्स पुन्हा खोक्यात भरला, ट्रान्सपोर्टला नेऊन दिला. ११५० रुपये भाडं आणि हमाली माझ्या खिशातून.

मग वाट बघणं सुरू झालं. चौथ्या दिवशी फोन केला, ‘मिळालाय, लाइनमध्ये आहे.’ नवव्या दिवशी, ‘टेक्निशियन रजेवर.’ चौदाव्या दिवशी मी विचारलं, टेक्निशियन कशाला हवा, फक्त बदलायचा तर आहे? उत्तर आलं, ‘‘सर, प्रोसेस आहे.’’ तोवर गणपतीच्या तारखा अंगावर आलेल्या. रोज सकाळी चहाच्या आधी फोन बघायचो. घरात कुणी बोललं तरी चिडचिड व्हायची, हे बायकोने दोनदा ऐकवलं आणि ते खरं होतं.

तेविसाव्या दिवशी बॉक्स आला. तोच. पाठीवर तोच ४. पुढच्या जाळीचा एक स्क्रू गायब. आणि ती चिठ्ठी.

खूप खोदून विचारल्यावर कळलं ते असं: ‘इतर’ निवडलं तर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये जॉबशीट पुढे सरकत नाही, म्हणून काउंटरवरच्याने ते बदलून ‘आवाज फाटतो’ केलं होतं. टेक्निशियनने बिचाऱ्याने बॉक्स लावला, तासभर वाजवून बघितला, आवाज फाटत नाही म्हणाला आणि परत धाडला. त्याच्या जागी तो बरोबरच होता. मी लिहिलेली ओळ त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. हे ऐकल्यावर फोन ठेवून मी गच्चीवर जाऊन उभा राहिलो. कुणावर ओरडावं हेसुद्धा कळेना.

गणपतीचे सगळे कार्यक्रम मी एका बॉक्सवर काढले. ८ ओहम, ३०० वॅट. हॉलमध्ये निभावलं. चौकातल्या मोकळ्या स्टेजवर मात्र बेस नुसता जाणवत होता, ऐकू येत नव्हता. साउंडवाल्याने पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांतून, दिला म्हणून लाज राहिली.

सुटका झाली ती योगायोगाने. बिलाच्या कागदावर सगळ्यात खाली अकाउंट विभागाचा एक नंबर होता. वैतागून तिथे लावला. एका बाईंनी उचलला. मी या वेळी ‘तक्रार’ हा शब्दच वापरला नाही. म्हटलं, बिलात एक माल आहे आणि हातात दुसरा आहे.

‘‘थांबा हं, बिल नंबर सांगा. जॅकप्लेटचा फोटो आहे?’’

फोटो तिथल्या तिथे पाठवला: डावीकडे बिलावरची ओळ, उजवीकडे जॅकप्लेट, दोन्हींवर लाल गोल.

‘‘अहो, हे सर्व्हिसचं कामच नाही. हा डिस्पॅचचा घोळ आहे. मी क्रेडिट नोट काढते, नवीन बिल करते, आमची गाडी जुना उचलेल.’’

चार मिनिटं. दोन महिन्यांत जे झालं नाही ते चार मिनिटांत. त्या बाईंचे मी इतके आभार मानले की त्याच अवघडल्या.

तर माल चुकीचा आला तर सर्व्हिसकडे जाऊच नका. विक्री नाहीतर अकाउंट विभाग गाठा, ‘चुकीचा माल’ आणि ‘क्रेडिट नोट’ हेच शब्द वापरा, आणि स्वतःच्या खर्चाने काहीही परत पाठवू नका. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मी लिहून ठेवला होता, लावायची वेळ आली नाही. खोकं उघडण्याआधी बाहेरच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. माझ्या दोन खोक्यांवर फक्त शेवटचा अंक वेगळा होता आणि मी तो पाहिलाच नव्हता. उघडताना व्हिडिओ काढा.

हो, आणि केबलचं राहिलं. हेडपासून बॉक्सपर्यंत गिटारची केबल कधीही वापरू नका, जॅक सारखा दिसला तरी. आतली तार बारीक असते, तापते. स्पीकरचीच केबल घ्या, शक्यतो पिळून लॉक होणाऱ्या स्पीकॉन जॅकची. नाचणाऱ्या पोरांच्या पायात आली तरी निसटत नाही. दोन बॉक्स शेजारी-शेजारी ठेवू नका, एकावर एक ठेवा. शेजारी ठेवले की स्टेजवर दोन पावलं सरकताच मधला आवाज बदलतो. वर ठेवल्यावर वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो आणि आपण काय वाजवतोय ते आपल्याला कळतं. आणि वॅटच्या आकड्यापेक्षा सेन्सिटिव्हिटीचा (तेवढ्याच वॅटमध्ये बॉक्स किती मोठा वाजतो त्याचा) आकडा बघा, तिथे ३ डेसिबल जास्त म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखं.

नवा बॉक्स घटस्थापनेच्या तीन दिवस आधी आला. रिक्षातून उतरवायच्या आधीच स्टिकर वाचला. घरात आणून मीटर लावला: ५.८. दोन्ही जोडून पुन्हा लावला: २.९. म्हणजे बरोबर चारची जोडी. एकावर एक ठेवले, हेड वर ठेवलं, मोकळी लो बी वाजवली तेव्हा कपाटावरची स्टीलची भांडी किणकिणली आणि बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात हसत उभी राहिली.

आता दोन्ही बॉक्सच्या पाठीवर, हँडलच्या खाली, मी पांढऱ्या मार्करने मोठा ८ काढून ठेवलाय.