सरकारी लॅपटॉप नेमका कोणाचा?

शाळकरी मुलांना सरकारने लॅपटॉप द्यावेत की नाहीत, यावर भरपूर वाद होतात. एका बाजूला ही मतांसाठीची उधळपट्टी आहे असे म्हटले जाते, दुसऱ्या बाजूला हीच खरी समान संधी आहे असे सांगितले जाते, आणि दोन्ही बाजू वितरण सोहळ्याच्या दिवशी येऊन थांबतात. त्या दिवसानंतर ते यंत्र कोणाच्या मालकीचे असते, त्यावर कोणता प्रोग्राम ठेवायचा हे कोण ठरवते, ते बिघडले तर खर्च कोण करते आणि विद्यार्थी शाळा सोडून गेला की त्याचे काय होते, हे प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारते. मी बरीच वर्षे नववी ते बारावीच्या मुलामुलींना संगणक शिकवत आले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या योजनांचे यश लॅपटॉपच्या किमतीपेक्षा किंवा त्याच्या वेगापेक्षा या मालकीच्या प्रश्नावर अधिक अवलंबून असते.

सरकारी लॅपटॉप पूर्णपणे विद्यार्थ्याच्या मालकीचा असू शकतो किंवा पूर्णपणे शाळेच्या मालकीचा असू शकतो, आणि दोन्ही व्यवस्थांच्या बाजूने बोलता येते. पण पुष्कळ ठिकाणी तिसरीच अवस्था दिसते. हमीपत्रावर पालकांची सही घेऊन फुटण्याची, हरवण्याची आणि चोरीची जबाबदारी विद्यार्थ्याच्या कुटुंबावर टाकलेली असते, आणि यंत्रावर पूर्ण ताबा देणारा ॲडमिन पासवर्ड मात्र भलत्याच कार्यालयात असतो. जबाबदारी एकाची आणि अधिकार दुसऱ्याचा, अशी ही अर्धवट देणगी असते. या अवस्थेतले यंत्र मुले जपून वापरतात, पण ते आपले मानत नाहीत, आणि जे आपले नाही ते उघडून, बदलून, चुकून, पुन्हा सुरळीत करून शिकण्याचे धाडस सहसा होत नाही.

भारतात पूर्ण मालकीचा सर्वांत मोठा प्रयोग तमिळनाडूत झाला. जयललितांच्या सरकारने सप्टेंबर २०११ मध्ये सरकारी आणि अनुदानित शाळांतील अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत लॅपटॉपची योजना सुरू केली. खरेदीचे काम ‘एल्कॉट’ या राज्याच्या महामंडळाकडे होते. लॅपटॉप विद्यार्थ्याचाच होता. त्यामुळे काही यंत्रे विकली गेली, काही गहाण पडली, आणि ती बाजारात ओळखू यावीत म्हणून त्यांच्यावर शासकीय मुद्रा ठळकपणे उमटवावी लागली. टीकाकारांनी या विक्रीकडे बोट दाखवून योजनाच फसली असा निष्कर्ष काढला, तो मला घाईचा वाटतो. ज्या घरात आजारपणाचा किंवा परीक्षा शुल्काचा खर्च भागवण्यासाठी मुलाचा लॅपटॉप गहाण टाकावा लागतो, तिथे दोष लॅपटॉपच्या मालकीत शोधणे मला पटत नाही. उलट ज्यांनी तो ठेवला, त्यांच्याकडे बारावीनंतर महाविद्यालयात जातानाही तो राहिला, आणि हा लाभ परीक्षेच्या गुणांत दिसत नसला तरी तो खरा आहे.

या योजनेला न्यायालयातही आव्हान दिले गेले होते. तमिळनाडूतील निवडणूक आश्वासनांवरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी असे म्हटले की जाहीरनाम्यातील अशी आश्वासने सध्याच्या कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. मात्र अशा फुकट वाटपाचा मुक्त आणि न्याय्य निवडणुकांवर परिणाम होतो, हेही न्यायालयाने नोंदवले आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्यास सांगितले. रंगीत दूरचित्रवाणी संच, मिक्सर आणि लॅपटॉप हे सारे त्या खटल्यात एकाच ओळीत बसले होते. मला ती ओळ खटकते. दूरचित्रवाणी संच घरात आला की त्याच्यासोबत शाळेची, शिक्षकाची किंवा अभ्यासक्रमाची कोणतीही जबाबदारी येत नाही. लॅपटॉपसोबत ती यायला हवी, आणि ती येत नसेल तरच त्या दोन वस्तू सारख्या ठरतात.

याच्या नेमकी उलट व्यवस्था ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात होती. ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाचे नेते केविन रड यांनी २००७ च्या निवडणुकीत नववी ते बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक उपलब्ध करून देण्याचे आश्वासन दिले होते, आणि त्यातून ‘डिजिटल एज्युकेशन रेव्होल्यूशन’ हा कार्यक्रम उभा राहिला. न्यू साउथ वेल्सने २००९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांना लेनोवोचे छोटे, दहा इंची पडद्याचे लॅपटॉप दिले. त्यात राज्याच्या शिक्षण विभागाने आधीच भरलेले प्रोग्राम होते. विद्यार्थ्याला स्वतःहून दुसरा प्रोग्राम बसवता येत नव्हता. चोरीला गेलेले यंत्र दुरून शोधण्याची आणि बंद पाडण्याची सोय होती. विद्यार्थी बारावी पूर्ण करून बाहेर पडला की कुलपे काढून तो लॅपटॉप त्याच्या मालकीचा केला जाई.

ही व्यवस्था मला पूर्वी आदर्श वाटत असे, कारण तिच्यात निदान शेवटी तरी मालकी मिळते. पण हिशेब मांडून पाहिला की त्यातली अडचण दिसते. नववीच्या सुरुवातीला दिलेले यंत्र बारावी संपेपर्यंत जवळजवळ चार वर्षांचे होते. लिथियम-आयन बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता लक्षणीय घटते. शाळेच्या रोजच्या वापरात हा टप्पा चार वर्षांच्या पुष्कळ आधी येतो. म्हणजे यंत्र जोपर्यंत धडधाकट आहे तोपर्यंत ते विभागाचे, आणि त्याची ताकद संपत आली की ते विद्यार्थ्याचे. प्रयोग करून पाहण्याची खरी वेळ पंधराव्या-सोळाव्या वर्षी असते आणि नेमक्या त्याच वर्षांत कुलूप लावलेले असते, हे मला शिक्षणाच्या दृष्टीने फार मोठे नुकसान वाटते.

ऑस्ट्रेलियाच्या या कार्यक्रमाने आणखी एक गोष्ट उघड केली, आणि ती प्रत्येक अर्थ खात्याने लक्षात ठेवावी अशी आहे. केंद्राने यंत्रांसाठी पैसे दिले, पण ती चालवण्यासाठी लागणारी वीजजोडणी, नेटवर्क, तंत्रज्ञ आणि देखभाल राज्यांच्या माथी आली. राज्यांनी तक्रार केली, आणि २००८ च्या अखेरीस या अनुषंगिक खर्चासाठी केंद्राला आणखी सुमारे ८० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर मंजूर करावे लागले. एवढे करूनही केंद्राचा निधी काही वर्षांतच आटला आणि २०१३ नंतर राज्यातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी योजना बंद झाली. शाळा ‘स्वतःचे यंत्र घेऊन या’ या धोरणाकडे वळल्या, आणि ज्या कुटुंबांसाठी सारा खटाटोप होता त्यांच्यावरच पुन्हा खरेदीचा भार आला. वाटपाच्या वर्षाचा खर्च अंदाजपत्रकात दिसतो. त्यानंतरच्या वर्षांचा खर्च त्यात आधीच मांडलेला नसेल, तर योजना यंत्रांच्या वॉरंटीबरोबरच संपते.

यंत्र संस्थेच्या मालकीचे असले म्हणजे विद्यार्थी सुरक्षित असतो, असाही एक समज आहे. तो तपासून घ्यावा असे एक प्रकरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात घडले. लोअर मेरियन या शाळा-जिल्ह्याने माध्यमिक विद्यार्थ्यांना घरी नेण्यासाठी मॅकबुक दिले होते, आणि हरवलेले यंत्र शोधण्यासाठी त्यांत दुरून कॅमेरा सुरू करण्याची सोय ठेवली होती. विद्यार्थी स्वतःच्या खोलीत असताना त्यांची छायाचित्रे त्यांच्या नकळत घेतली गेल्याचे २०१० मध्ये उघडकीस आले. चौकशीत अशी हजारो छायाचित्रे सापडली, आणि त्याच वर्षी जिल्ह्याने ६ लाख १० हजार डॉलर देऊन दावे मिटवले. या सोयीची माहिती विद्यार्थ्यांना आणि पालकांना नीट दिलेलीच नव्हती, ही त्यातली सर्वांत गंभीर बाब. चोरी रोखण्यासाठी बसवलेली व्यवस्था आणि पाळत ठेवणारी व्यवस्था तांत्रिकदृष्ट्या एकच असते. तिचा वापर कोण, केव्हा आणि कोणाच्या परवानगीने करू शकतो, एवढाच फरक असतो. तो फरक लेखी नसेल, तर मुलांच्या घरात सरकारी कॅमेरा पोहोचवण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

आता मूळ आक्षेपाकडे येते. लॅपटॉप मिळाल्याने मुलांचे गुण वाढतात का? केवळ यंत्र दिल्याने वाढत नाहीत, याचे पुरावे बऱ्यापैकी भक्कम आहेत. रोमानियात २००४ पासून गरीब कुटुंबांना घरचा संगणक घेण्यासाठी २०० युरोचे कूपन दिले जाऊ लागले. त्याच्या अभ्यासात असे दिसले की कूपन मिळालेल्या मुलांचे संगणकीय कौशल्य वाढले, पण गणित आणि भाषा यांतले गुण घटले. ज्या घरांत गृहपाठाबद्दल पालकांचे नियम होते तिथे ही घट कमी होती. कॅलिफोर्नियातल्या १५ शाळांमधील हजाराहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात घरी मोफत संगणक मिळाल्याने गुण वाढलेही नाहीत आणि घटलेही नाहीत. पेरूमध्ये प्राथमिक शाळांना ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या चळवळीतली यंत्रे दिली गेली, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित व भाषा यांवर त्यांचा परिणाम आढळला नाही. त्या शाळांपैकी बहुतेकींना इंटरनेटच नव्हते.

या निष्कर्षांमुळे योजना गुंडाळाव्यात असे मला वाटत नाही. अर्ज भरणे, शिष्यवृत्ती शोधणे, एखादा मजकूर नीट टंकणे, चार ओळींचा प्रोग्राम लिहून तो चालताना पाहणे, हे गुणपत्रिकेत मोजले जात नाही, आणि ज्यांच्या घरी संगणक आधीपासून आहे त्यांना त्याचे मोल कळणे अवघड असते. गुण वाढतील असे आश्वासन देऊन लॅपटॉप वाटणे मात्र थांबले पाहिजे, कारण ते आश्वासन पुरे न झाल्यावर पुढच्या सरकारला योजना बंद करण्याचे कारण आयते मिळते.

शाळेच्या मालकीची व्यवस्था नीट कशी चालू शकते, हे पाहायचे असेल तर केरळकडे पाहावे. तिथे ‘काइट’ या सरकारी संस्थेमार्फत आठवी ते बारावीच्या सुमारे ४५ हजार वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवले गेले. यंत्रे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, त्यामुळे परवान्याचा खर्च नाही आणि आतले काहीही उघडून पाहायला मनाई नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘लिटल काइट्स’ या विद्यार्थी-गटांना हार्डवेअर, ॲनिमेशन आणि सायबर सुरक्षा यांचे प्रशिक्षण मिळते. मालकी शाळेची असली तरी कौशल्य विद्यार्थ्यांच्या हातात येते, म्हणून ही व्यवस्था मला अर्धवट देणगीच्या वर्गात बसवता येत नाही.

मध्य प्रदेशात बारावीला ७५ टक्के गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यात लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये जमा केले जातात. निवडीचे स्वातंत्र्य आणि वॉरंटी दोन्ही त्यामुळे विद्यार्थ्याकडे येतात, हे चांगले. पण बक्षीस म्हणून दिलेले साधन ज्याला अभ्यासासाठी त्याची गरज होती त्याच्यापर्यंत अभ्यास संपल्यावर पोहोचते, आणि ७४ टक्के मिळवणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही.

एवढे सगळे पाहिल्यावर माझी मागणी फार मोठी नाही. पालकांच्या सहीसाठी जे हमीपत्र पुढे येते, त्यात सरकारच्या बाजूची वाक्येही असावीत. यंत्र कोणत्या तारखेपासून विद्यार्थ्याचे होईल, हे त्यात लिहिलेले असावे, आणि ती तारीख बॅटरी दमण्याच्या आधीची असावी. बॅटरी, चार्जर, कीबोर्ड आणि बिजागरी या चार गोष्टी सर्वांत आधी जातात. त्यांची दुरुस्ती किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने होईल, हे त्यात असावे. कार्यप्रणालीला (म्हणजे विंडोजसारख्या, यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामला) सुरक्षा-अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील हे खरेदीच्या वेळीच ठाऊक असते, तेही छापावे. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, आणि ज्या जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चालत नाही त्यांच्या मालकांना आता लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीकडे वळण्यावाचून फारसा मार्ग नाही, जो त्यांना कोणी शिकवलेला नसतो. यंत्रावर दुरून काय पाहता येते आणि काय पाहिले जाणार नाही, हे पालकांना वाचता येईल अशा भाषेत असावे.

आणि एक बाब, जी जवळजवळ प्रत्येक योजनेत सुटून जाते. विद्यार्थ्याचे लेखन, प्रकल्प आणि छायाचित्रे बहुधा शाळेने दिलेल्या खात्यात साठतात, आणि शाळा सोडल्यावर काही काळाने ते खाते बंद केले जाते. लॅपटॉप हातात राहतो आणि चार वर्षांचे काम नाहीसे होते. खाते बंद करण्याआधी पुरेशी मुदत द्यावी, सारे काम उतरवून घेण्याची रीत बारावीच्या वर्गातच प्रत्यक्ष करून दाखवावी, आणि ही जबाबदारी कोणत्या शिक्षकाची हे हमीपत्रात नमूद करावे.