आजीला कळलेला एकच शब्द

रविवारी दुपारी हेडफोनची एक बाजू मेली, म्हणून गाणी लॅपटॉपवरच लावली. वसईतलं आमचं घर, आजी ओट्यापाशी बोंबील साफ करतेय, आणि इकडे एक बाई शब्द तोडून तोडून ओरडतेय. आजीनं मान वर केली. "इगर्जीचं काय म्हणते गं ती?"

मी उडालेच. गाण्याचं नाव 'सांता इग्रेजा'! इतके महिने ऐकतेय, पण पोर्तुगीजमधलं इग्रेजा म्हणजे आपली इगर्जी, चर्च, हे डोक्यात आलंच नव्हतं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांना वसईतून घालवलं, हा शब्द तेवढा इथेच राहिला.

बँडचं नाव आस मेर्सेनारियास, म्हणजे पैशासाठी लढणाऱ्या बायका. १९८२, ब्राझीलमधलं साओ पावलो. लष्कराची राजवट अजून संपलेली नव्हती, ती १९८५पर्यंत चालली. सांद्रा कोटिन्यो बास गिटारवर, रोझालिया गायला, आना गिटारवर. ड्रमवर आधी 'इरा!' बँडचा गिटारिस्ट एदगार स्कांदुरा होता, मग लू आली आणि चौघी बायका झाल्या.

१९८६मध्ये लुईस कालांका यांच्या बारातोस आफिन्स या रेकॉर्डच्या दुकानानं त्यांची 'काडे आस आर्मास?' काढली. 'शस्त्रं कुठायत?' अख्खी रेकॉर्ड अर्ध्या तासाच्या आत आटोपते. मला त्यातला सांद्राचा बास सगळ्यात आवडतो. गाणं तोच ओढतो, गिटार नुसती बाजूनं ओरखडे काढते. 'पोलिसिया' लावून बघा, पोलिसांवरचं गाणं आहे हे भाषा न येताही कळतं.

१९८८ला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीकडून 'ट्रॅशलँड' ही पुढची रेकॉर्ड आली. तिच्यात ती धार मला सापडत नाही. पुढे बँड थंडावला. २००५ साली लंडनच्या सोल जॅझ या रेकॉर्ड कंपनीनं जुनी गाणी पुन्हा काढली, म्हणून तर ती माझ्यासारखीच्या कानावर पडली. सांद्रानं नंतर बँड पुन्हा उभा केला.

असो. हे गाणं चर्चची चांगलीच खिल्ली उडवतं, हे आजीला कोण सांगणार? मी म्हटलं, "इगर्जीवरचंच गाणं आहे, आजी."

तिनं बोंबलाचं डोकं उडवलं. "मग जरा सुरात म्हणायला काय झालं तिला?"