वीस फुटांवर, कमरेच्या जिवावर

"हॅमॉकसारखं वाटतं, डुलकीसुद्धा लागेल तुला," असं मला सॅडलबद्दल, म्हणजे शिकारी ज्यात झाडाला टांगून बसतात त्या पट्ट्याबद्दल, सांगण्यात आलं होतं. असं सांगणाऱ्या प्रत्येकाला नोव्हेंबरात मिशिगनच्या जंगलात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत ओकच्या झाडाला टांगून ठेवायची माझी तयारी आहे.

चाकणहून डेट्रॉईटला कामासाठी आलेली माणसं सुटीत ठरलेलंच सगळं करतात: नायगारा, शिकागो, मॅकिनॅकचा पूल. माझंही झालं. फोटोत दिसतात तशीच आहेत सगळी, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मग प्लांटमधली एक सहकारी, जी कॉलेजच्या आधीपासून वडिलांबरोबर धनुष्यबाणाने हरणांची शिकार करते, म्हणाली की मीलनाचा काळ सुरू झालाय, नर भरदुपारीही फिरतात, मी दिवसभर बसणार आहे, येतेस? मी म्हटलं, मारणार काही नाही, कॅमेरा घेऊन येते. "चालेल. पण झाडावर बसावं लागेल."

मला वाटलं, त्यात काय. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंद झाली, पण मचाण राहिलं. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात पाणवठ्यावर एक रात्र मी काढली आहे. तिथे डास होते, पण पाठ टेकायला फळ्या होत्या, पोळी-चटणीचा डबा होता, अगदीच झालं तर आडवं होता येत होतं. इथे फळी नाही. इथे सॅडल.

सॅडल म्हणजे जाड कापडाचा रुंद पट्टा, कमरेपासून मांड्यांपर्यंत येणारा. झाडं छाटणारे दोरावर लटकून काम करतात, त्यांच्या पट्ट्यांच्याच घराण्यातला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लूपमधून पुढे एक दोर येतो, त्याला ब्रिज म्हणतात. खोडाला आवळलेल्या दुसऱ्या दोरात कॅराबिनरने, म्हणजे झडप असलेल्या धातूच्या कडीने, तो ब्रिज अडकवायचा आणि मागे कलायचं. पायाखाली जेमतेम दोन बूट मावतील एवढा धातूचा प्लॅटफॉर्म. तोंड झाडाकडे, पाठ रिकाम्या हवेकडे. ज्यांनी सह्याद्रीत रॅपलिंग केलंय त्यांना प्रुसिकची गाठ (मोकळी असताना दोरावर सरकणारी, वजन पडलं की आवळणारी) बघून हायसं वाटेल, मलाही वाटलं. पण रॅपलिंगमध्ये माणूस खाली जात असतो. इथे कुठेच जायचं नसतं.

मॅनिस्टीचं जंगल सरकारी आहे. सरकारी जमिनीवर झाडाच्या सालीत स्क्रूच्या पायऱ्या ठोकायला मिशिगनमध्ये बंदी आहे, त्यामुळे पट्ट्याने खोडाला बांधायच्या चार स्टिक्स (चढायच्या पायऱ्या), प्लॅटफॉर्म, दोर, सगळं पाठीवर न्यायचं आणि संध्याकाळी काढून आणायचं. गोठवणाऱ्या थंडीत तिने मला पातळ टीशर्टवर चालायला लावलं. जाड जाकीट पिशवीला बांधलेलं. चालताना घाम आला की तोच घाम वर गेल्यावर अंगावर गार पडतो, शिवाय वास येतो तो वेगळाच. झाडाखाली पोचल्यावर तिने माझे खिसे तपासले. किल्ली, पाकीट, लिपबाम, सगळं काढून घेतलं, कारण सॅडलच्या पट्ट्याखाली आलेली किल्ली तासाभरात हाडापर्यंत पोचते म्हणे. माझा लसणाचा चिवडा गाडीतच राहिला. वारा हरणांच्या बाजूला वळला तर पाव मैलावरून कळेल, असं तिचं मत होतं. शेंगदाण्याच्या वड्यांना परवानगी मिळाली, तीही प्लास्टिक काढून रुमालात बांधल्यावर.

चढताना खोडाभोवती एक वेगळा दोर सतत असतो. हात सुटला तरी माणूस सुटत नाही. याबाबतीत ती फार कडक होती आणि ते मला आवडलं. ती एका बाजूला, मी त्याच झाडावर जरा वर, दुसऱ्या बाजूला. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बाण सोडायला कायद्याने परवानगी असते, आम्ही त्याच्याही कितीतरी आधी टांगलेल्या.

पहिला तास खरंच छान गेला. मागे कललं की अर्धं वजन पायांवर, अर्धं पार्श्वभागावर. कण्याला आराम. मनातल्या मनात मी तिची माफीही मागितली.

मग कंबर बोलायला लागली. दोन्ही बाजूंची हाडं कुणीतरी आत दाबतंय अशी कळ. याला ते लोक हिप पिंच म्हणतात आणि त्याचं कारण सरळ भूमितीचं आहे. ब्रिज आखूड असेल तर दोन्ही लूप आतल्या बाजूला खेचले जातात आणि मधे आपण. ब्रिज लांबवला की कोन अरुंद होतो आणि चिमटा सैलावतो. तिने खालून दोन बोटांनी खूण केली, मी प्रुसिक थोडी सरकवली, आणि खरंच फरक पडला. वीस मिनिटं. मग पोटाचे स्नायू थरथरायला लागले, कारण पाठीला आधार नाही. त्यासाठी मागून एक पट्टा घ्यायचा असतो, तो घेतला. मग गुडघे खोडाला टेकवून बसायचं, त्यासाठी नीपॅड. मग डावीकडे वळून एका कुल्ल्यावर. मग उजवीकडे. सॅडलमध्ये आरामशीर बसणं असा प्रकार नसतोच. एक दुखणं मुरायच्या आत पुढच्या दुखण्याकडे जायचं असतं. व्हिडिओत दाखवतात ती निवांत माणसं बहुधा दर कटनंतर जागा बदलत असावीत.

आणि हे सगळं हरीण ज्या वेगाने मान वळवतं त्याहून सावकाश करायचं.

दहाच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की तिचं सॅडल दोन पदरांचं आहे. एक पदर कमरेला, एक मांड्यांखाली, दोन्ही वेगवेगळे सरकवता येतात. कळ आली की खालचा पदर गुडघ्यांकडे ओढायचा, बस्स. माझं जुनं, एकाच पदराचं. पाहुण्याला घरातली चांगली गादी देतात अशी माझी समजूत होती. वीस फुटांवर अदलाबदल शक्य नव्हती, म्हणून मी तिच्याकडे फक्त बघत राहिले.

लघवीबद्दल: शिकारी लोक त्यासाठी बाटली ठेवतात, बायकांसाठी नरसाळंही मिळतं. मी पहाटेपासून पाणीच प्यायले नाही. हा सल्ला नाही.

बाराच्या आसपास पानं वाजली. कोवळा नर, डोक्यावर दोन नुसते सुळे, म्हणजे फाटे न फुटलेली शिंगं. नाक जमिनीला लावून, मादीच्या मागावर असल्यासारखा, थेट आमच्या झाडाखाली. तिथे एक फांदी खाली झुकलेली होती. त्याने मान उंच करून तिचं टोक चाटलं, मग डोळ्याच्या कोपऱ्याजवळचा भाग त्यावर घासला, पुन्हा चाटलं. पुढच्या खुराने पानं मागे उडवली, एकदा डाव्या, एकदा उजव्या, खालची काळी माती उघडी पडेपर्यंत. मग मागचे पाय जवळ घेऊन त्या मातीवर लघवी केली, स्वतःच्याच टाचांवरून ओघळेल अशी. तिथल्या हरणांचं हे निरोपांचं काम, येणारा-जाणारा प्रत्येक नर त्या जागी थांबून वास घेतो. त्याच्या श्वासाची वाफ मला वरून दिसत होती, कानातले पांढरे केस दिसत होते. तिने धनुष्याला हातही लावला नाही. त्या भागात नराच्या शिंगाला एका बाजूला किमान 3 टोकं असावी लागतात.

आणि मी? माझा डावा पाय घोट्यापर्यंत बधिर झालेला. उजव्या कमरेत सळई. त्याआधीच मी वजन बदलणार होते, ते अर्ध्यावर राहिलेलं, पट्ट्याची घडी बरोबर हाडावर. इतक्या जवळून जंगली हरीण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि मनात फक्त एवढंच चालू होतं: जा रे बाबा आता. झालं ना चाटून? जा. त्याने पुन्हा फांदी चाटली. मी दात आवळून वाफेकडे बघत होते आणि कॅमेरा गळ्यात तसाच लोंबकळत होता, कारण तो उचलायला जो हात लागतो त्याने मी खोड धरलं होतं. तो गेला तेव्हा मी इतक्या जोरात श्वास सोडला की खाली तिचे खांदे हसण्याने हलायला लागले.

दुपारनंतर काही आलं नाही. खारी आल्या, हरणाएवढा आवाज करत. लोखंडाच्या भुकटीच्या त्या गरम होणाऱ्या पुड्या मी आधी बोटांसाठी वापरत होते, मग कमरेच्या मागे ठेवल्या. तो मात्र त्या दिवसातला खरा शोध. बुटाच्या नाड्याही सैल केल्या, तेव्हा कुठे बोटं परत आली. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाने ती म्हणाली, "चल." पायांना सूचना पोचायला वेळ लागला.

रात्री हायवेलगतच्या एका हॉटेलात आम्ही चिली, म्हणजे तिकडचा तिखट रस्सा, खाल्ली. लाकडी बाक होता, कडक, सपाट, पाठ असलेला. मी त्यावर उगीचच तासभर बसून राहिले. तिने विचारलं, पुढच्या आठवड्यात येशील का? मी म्हटलं, येईन, पण दोन पदरांचं सॅडल माझं आणि जुनं तुझं. तिचं उत्तर अजून आलेलं नाही.