हजार रुपये कापले गेले, परवाना मात्र येईना

माझा आजीवन मद्यसेवन परवाना एकदाचा आला. पण त्यापायी झालेला मनस्ताप अजून गेलेला नाही, म्हणून लिहून टाकते.

महाराष्ट्रात व्हिस्की विकत घ्यायला, घरी ठेवायला, सोबत न्यायला आणि प्यायलाही परवाना लागतो. कायदा १९४९चा. दुकानात सहसा कुणी विचारत नाही, त्यामुळे असं काही असतं हेच अनेकांना ठाऊक नसतं. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांत मिळतो, वर्षाचा शंभरात, आजीवन हजारात. वय २५ पूर्ण हवं. मला आजीवनच हवा होता, कारण मी आपल्याकडच्या सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्यात फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून बनलेल्या व्हिस्की, आवडीने जमवते. बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीच्या जगदाळ्यांनी २००४ मध्ये आपली अमृत सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, स्कॉचच्या देशात! मला त्याचा फार अभिमान आहे. अशी बाटली घरात चोरून का ठेवायची?

अर्ज ऑनलाइन होता. आधार, फोटो, सही, सगळं बिनबोभाट झालं. पैसे भरताना मात्र खात्यातून हजार रुपये गेले आणि पान तिथेच अडकलं. अर्जापुढे ‘पेमेंट प्रलंबित’.

बँकेत गेले. ‘आमच्याकडून पैसे गेलेत, सरकारी ऑफिसात विचारा.’ ऑफिसात गेले. ‘आमच्याकडे जमा दिसत नाहीत, बँकेत विचारा.’ पुन्हा बँक, पुन्हा ऑफिस. प्रत्येक वेळी टेबलावर नवा माणूस आणि माझी तीच कहाणी पहिल्यापासून. एकाने सुचवलं, ‘परत हजार भरा, आधीचे येतील कधीतरी.’ दुसरा म्हणाला, ‘मॅडम, मिस्टरांच्या नावाने अर्ज टाका ना, लवकर होईल.’ माझा संताप झाला. आधार माझं, पैसे माझे, व्हिस्की मी पिणार, यात मिस्टर कुठून आले? परवाना ज्याच्या नावावर असतो त्याच्यापुरताच चालतो. नवऱ्याच्या परवान्यावर मी बाटली बाळगू शकत नाही, हे तिथे बसणाऱ्याला मी समजावून सांगायचं? रांगेत मागे उभे असलेले लोक माझ्याकडे बघत होते. बघू देत. मी आवाज खाली आणला नाही.

दुसऱ्यांदा पैसे मी भरले नाहीत. तुम्हीही भरू नका. बँकेकडून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक) शिक्क्यासह लेखी घ्या, नुसतं पासबुक दाखवून भागत नाही. मग एक साधा अर्ज लिहा, सोबत तो कागद जोडा आणि आवक-जावकच्या टेबलावर देऊन पोच घ्या. तोंडी चौकशीला कुणी विचारत नाही, पण आवक क्रमांक पडला की कुणाला तरी उत्तर द्यावंच लागतं. माझे पैसे त्यानंतरच ‘सापडले’ आणि परवाना आला. फोन वाजला तेव्हा मी भाजी चिरत होते. सुरी तशीच टाकून आधी डाउनलोड केला.

हो, पैसे भरताना पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, हे आधी सांगायला हवं होतं. आणि अर्जातल्या तुमच्या फोटोच्या व सहीच्या फाइलचा आकार सांगितलाय तेवढाच ठेवा.

गोव्याहून बाटली आणली तर चालते का, असं सगळेच विचारतात. २०२५ मध्ये महाराष्ट्राने साध्या व्हिस्कीवरचं उत्पादन शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, तेव्हापासून तर जास्तच. पॉल जॉन ही सिंगल माल्ट गोव्यातलीच, तिथे जाऊन अवश्य चाखा. पण ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेली बाटली गाडीत टाकून इकडे आणू नका. आपला हा परवाना अशा बाटलीसाठी कामाला येत नाही आणि सीमेवर तपासणी होते. इथल्या दुकानातून घ्या, बिल मागून घ्या आणि परवान्याची एक छापील प्रत गाडीत ठेवा.