पान उलटून बघ

रविवार, ९ नोव्हेंबर

आज पिंपळगाव बसवंतला गेलो होतो, आजीच्या माहेरी. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झालाय, बाग हिरवीगार आहे. चालता चालता एका पानावर तेलकट, पिवळसर डाग दिसला आणि हात आपोआप पुढे गेला. पान उलटलं, तर खाली पांढरी बुरशी. "डाउनी आलीय रे," मी म्हणालो. डाउनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. बाग बघणारा भाऊ चमकलाच. "दादा, तू कधी शेती केलीस?" म्हटलं, आजीनं शिकवलं. तो आणखीच गोंधळला. आजीचं सगळं आयुष्य पंचवटीतल्या वाड्यात गेलं, आणि ती माहेरी होती तेव्हा या शेतात गहू-हरभरा असायचा.

आजी हे टीव्हीवर शिकली. परत येताना रस्ताभर तेच डोक्यात घोळत होतं.

आमच्याकडे टीव्ही आला १९८८ च्या दिवाळीत. कृष्णधवल, लाकडी शटरचा. ‘महाभारत’ नुकतंच सुरू झालं होतं आणि ते बघायला अर्धा वाडा आमच्या खोलीत. संक्रांतीत अँटेनाला मांजा अडकला की पडद्यावर मुंग्या. पण त्या गर्दीच्या आठवणी सगळ्यांकडे आहेत. मला लिहायचंय ते खोली रिकामी झाल्यावर जे लागायचं त्याबद्दल.

‘आमची माती, आमची माणसं’ सुरू झालं की आम्ही मुलं उठून ओट्यावर पळायचो. आजी चष्मा पुसून पुढे सरकायची. कुणी शेतीतले तज्ज्ञ द्राक्षाचं पान कॅमेऱ्यापुढे धरायचे, आधी सुलट, मग उलट. आमच्या टीव्हीवर पिवळा डाग करडाच दिसणार, पण रंग ते तोंडानं सांगायचे आणि आजी मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तुळशीची पानं उलटून बघताना दिसायची. मला हाक मारायची, "वरून काय बघतोस, उलटून बघ."

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. रात्रपाळी असली की दुपारी झोप मोडायची आणि मग ते यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कार्यक्रम लावून बसायचे. ते कार्यक्रम १९८४ पासून होते, कॉलेजच्या मुलांसाठी, सगळे इंग्रजीत. बाबा मॅट्रिक. तरी रात्री जेवताना ते आम्हाला ज्वालामुखी समजावून सांगायचे, पिठलं-भाताचा डोंगर करून. आईनं अन्नाशी खेळू नका म्हटलं की तो डोंगर खाऊन टाकायचे.

रविवारची दुपार तर वेगळीच. आधी मूकबधिरांसाठी बातम्या, मग प्रादेशिक चित्रपट. कधी बंगाली, कधी मल्याळम, कधी आसामी. खालच्या इंग्रजी ओळी आजीला वाचता यायच्या नाहीत आणि मलाही धड नाही. एकदा असाच एक बंगाली सिनेमा लागला होता. एक म्हातारी दारात बसून मुलाची वाट बघत होती, फार वेळ, कुणी काही बोलतच नव्हतं. मी कंटाळून उठलो. आजी म्हणाली, "थांब, तो येईल." तो आला नाही. त्या दिवशी आजीनं संध्याकाळचा चहाही घेतला नाही. भाषेचा एक शब्द कळत नसताना तिला ते सगळं कळलं होतं.

मोठी आत्या दादरला राहायची. २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शनचं मुंबई केंद्र सुरू झालं आणि पुढच्या दोनेक वर्षांत तिच्या चाळीत टीव्ही आला. तिच्या तोंडून ऐकलेली नावं मला अजून पाठ आहेत: मुलांना ‘किलबिल’, कामगारांना ‘कामगार विश्व’, ‘गजरा’मधली छोटी प्रहसनं, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक-कवींच्या मुलाखती, मधेच गुजराती कार्यक्रम. रोजचे मोजके तास आणि त्यात सगळ्यांचा वाटा. गिरणी कामगाराच्या बायकोनं कवीला बोलताना बघितलं ते काही निवडून नव्हे. पुढचा कार्यक्रम येईपर्यंत टीव्ही बंद कोण करणार, म्हणून.

ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. बातम्या सरकारच्या, मंत्री फिती कापतायत, कितीतरी कार्यक्रम रटाळ. दुसऱ्या वाहिन्याच नव्हत्या, म्हणून बघितलं जायचं. पण जे माझ्यासाठी नव्हतं ते माझ्यासमोर आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. आज माझा फोन मला काय आवडतं ते ओळखून तेच पुन्हा पुन्हा दाखवतो. द्राक्षाचं पान तो मला कधी दाखवेल? भावाला मात्र दिवसभर फवारणीचेच व्हिडिओ येतात, दुसरं काही नाही. बंगाली म्हातारी आम्हा दोघांनाही भेटायची नाही.

घरी आल्यावर आईला डाउनीची गोष्ट सांगितली. ती काही न बोलता उठली आणि आजीची पोथी घेऊन आली. आत वहीचा एक घडी घातलेला कागद. आजीचं पेन्सिलीतलं गोल अक्षर: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १०० लिटर. बोर्डो मिश्रण, बुरशीवर फवारायचं औषध! माहेरी भावाला सांगायला म्हणून उतरवून घेतलेलं असणार. आणि त्याच कागदावर खाली, बहुतेक पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम सांगणारी ‘साप्ताहिकी’ बघताना घाईत लिहिलेलं: शनिवार मराठी. रविवार दुपार ओरिया.