शुक्रवारच्या आत

रविवार, २१ सप्टेंबर २०२५. सर्वपित्री अमावास्या.

कावळ्यानं आज फार तंगवलं नाही. दीडला पानं झाली, तीनला भांडी आवरली आणि संध्याकाळच्या शोची पाच तिकिटं काढून टाकली. ह्यांचं सुरू झालंच, "आवसंचं कुठं पिक्चरला?" आत्या आत पडल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "मी पण येतो." जाऊबाई मूळची पुण्याची. सासू 'येतो' म्हणाली की तिला लग्नाला बारा वर्षं झाली तरी अजून हसू येतं. आमच्याकडं बायका येतो-जातोच म्हणतात, त्याला काय करणार.

सिनेमा 'दशावतार'. त्याचं आमच्या पतसंस्थेत पहिल्यांदा सांगितलं ते पिग्मी एजंटनं, मागच्या सोमवारी. हा माणूस रोज लक्ष्मीपुरीपासून महाद्वार रोडपर्यंत दुकान-दुकान फिरतो. दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करता करता त्याच्याकडं गावभरची मतंही जमा होतात. त्याच्या तीनच पायऱ्या आहेत. 'पैसे वसूल' म्हणाला तर डोळे झाकून जायचं. 'टीव्हीवर आला की बघा' म्हणाला तर सरळ सोडून द्यायचा. फसवी पायरी मधली, 'एकदा बघायला हरकत नाही'. कोल्हापुरात ह्याचा अर्थ हरकत आहे असाच धरावा. 'दशावतार'बद्दल तो वेगळंच बोलला. कापडवाल्या शेठजींनी सोमवारी सकाळी गल्ला उघडायच्या आधी त्याला पंधरा मिनिटं गोष्ट सांगितली म्हणे. "मॅडम, शेठजी पिग्मीचे पैसे द्यायलाच विसरले बघा." ह्यापेक्षा मोठी शिफारस मी तरी ऐकलेली नाही.

पण ही मतं पोचायला दिवस लागतात, आणि थिएटरवाल्यांना तेवढा धीर नाही. शुक्रवारी सिनेमा लागतो. शनिवार-रविवारी हौशी लोक बघतात. सोमवार-मंगळवारी ते आमच्या काउंटरवर येऊन सांगतात. बुधवारी घरात विषय निघतो, गुरुवारी कोण येणार, कोण नाही हे ठरतं, आणि तोवर पुढच्या शुक्रवारचं वेळापत्रक येऊन सिनेमा सकाळी अकराला नाहीतर रात्री साडेदहाला गेलेला असतो. नोकरीवाल्या बाईनं अकराचा शो कसा बघायचा? 'बिन लग्नाची गोष्ट'चं माझं हेच झालं. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक एकत्र, म्हणजे मला बघायचाच होता. बुधवारी बघितलं तर गावातल्या एका मल्टिप्लेक्सला दिवसातून एकच शो, तोही दुपारी पाऊणचा. शनिवारी जाऊ म्हटलं, तर शनिवारी तोही नाही.

बरं, हे तिन्ही सिनेमे एकाच दिवशी लावायची बुद्धी कुणाला झाली? १२ सप्टेंबरला 'दशावतार', 'बिन लग्नाची गोष्ट' आणि 'आरपार'. त्याच शुक्रवारी ती जपानी ॲनिमेवाली 'डेमन स्लेयर', जिच्यासाठी आमचं पोरगं भल्या पहाटे उठलं. परीक्षेला कधी उठलेलं बघितलं नाही. मग परवाच्या १९ तारखेला 'जॉली एलएलबी ३' आला, सोबत आणखी मराठी सिनेमे. प्रेक्षक तेवढेच, आमच्यासारखे महिन्यातून एकदा जाणारे. पाच माणसांची तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग मिळून आज दोन हजारांच्या वर गेलं. उद्यापासून जीएसटी कमी होतोय म्हणून हे खूश होते. मी सांगितलं, शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटालाच बारावरून पाच टक्के. आपल्या तिकिटाला अठराच. शंभराच्या आतलं तिकीट कुठं मिळतं ते आधी शोधा म्हटलं.

सिनेमाबद्दल. पहिला अर्धा भाग मला फार आवडला. कोकणातला म्हातारा दशावतारी कलाकार, बाबुली. नजर अधू होत चाललेली, पोरगा म्हणतोय आता थांबा, आणि ह्याचा पाय काही रंगमंचावरून निघत नाही. दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या ८१ व्या वर्षी हे केलंय. आमच्या घरात त्यांची ओळखही पिढीप्रमाणं वेगळी. आत्यांसाठी ते टिपऱ्यांचे आबा, पोरासाठी मुन्नाभाईतले गांधीजी. इंटरव्हलनंतर मात्र आवाज चढतो. खाणवाले, जंगल, सूड, सगळं पटतं, पण पार्श्वसंगीत सारखं खांद्याला हलवून 'बघ, बघ' म्हणत राहतं. पहिल्या भागात जे न सांगता कळत होतं, ते दुसऱ्यात दोनदा सांगितलं. जाऊबाई कानाशी लागली, "आता साउथचा झाला." मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

थिएटरबाहेर पार्किंगमध्येच निकाल लागायला सुरुवात झाली. ह्यांची फूटपट्टी एकच, 'छावा'. फेब्रुवारीत तो बघितल्यापासून प्रत्येक सिनेमाला तीच लावतात. "चांगला हाय, पण छावासारखा काटा नाही आला अंगावर." विनोदी सिनेमाला पण काटा यायला पाहिजे ह्यांच्या. पोरगं म्हणालं, फर्स्ट हाफ स्लो. हे सांगताना नाक ओढत होतं, एसीनं सर्दी झाली म्हणे. जुलैत 'सैयारा' बघून आलं तेव्हाही एसीच होता. आत्यांना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आधी भेळ खाऊया."

म्हणून खासबागेत गेलो. उद्या घटस्थापना, त्यामुळं अंबाबाईच्या देवळाच्या बाजूला आत्तापासूनच गर्दी. गाडी लांब लावून चालत आलो. कागदातली भेळ हातात आली आणि आत्या खायच्या सोडून नाट्यगृहाकडं बघत उभ्या राहिल्या. केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. गेल्या वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री जळालं, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या रात्री आम्ही गच्चीवर उभे होतो, आभाळ लाल दिसत होतं, शेजारपाजारचे सगळे आपापल्या गच्चीवर, आणि कुणी काही बोलत नव्हतं.

"त्या बाबुलीला रंग लावताना बघितलंस?" आत्या म्हणाल्या. "बोटं थांबत नाहीत त्याची. आरसा आपला नावाला."

ह्यांनी खाणवाल्यांचं काहीतरी काढलं. आत्यांनी हातानंच थांबवलं.

"डोळ्याचं बरोबर दाखवलंय. दिसत नाही असं माणूस सांगत नाही कुणाला. आधी उजेड कमी हाय म्हणतो."

हे ऐकून मी गप्प झाले. आत्यांचं डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या दिवाळीत झालं, उजवा अजून राहिलाय. त्याआधी सहा महिने त्या स्वयंपाकघरातला दिवा बदला, दिवा बदला म्हणत होत्या. आम्ही दोनदा बदलला. आणि सकाळी त्या कुंकू कसं लावतात ते मी रोज बघते. करंगळी नाकाच्या शेंड्यावर टेकवायची, अंगठ्यानं कपाळाचा मध्य शोधायचा, मग मधलं बोट. आरशासमोर उभ्या राहतात, पण बघत नाहीत. मला वाटायचं सवय आहे.

आमच्या गावाला सिनेमाचं अप्रूप असायचं कारण नाही. बाबूराव पेंटरांनी इथंच कॅमेरा बनवला, 'प्रभात' १९२९ साली इथंच सुरू झाली, आणि पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये इथंच तयार झाला. पुढच्या वर्षी 'प्रभात' पुण्याला गेली, ह्याचं दुःख जाऊबाईला ऐकवायला आमचे मामंजी कधी चुकले नाहीत, जणू तिच्याच माहेरच्यांनी ट्रकमध्ये भरून नेली. पत्ता सांगताना आम्ही आजही व्हीनस कॉर्नर आणि उमा टॉकीज म्हणतो. आत्या सांगतात, तेव्हा एक सिनेमा महिनोन् महिने चालायचा. गारगोटीहून बहीण यायची, तिला घेऊन परत बघायचा. दिवाळीत बघितलेला उन्हाळ्यात पण असायचाच.

घरी आल्यावर आत्यांनी त्याच बहिणीला फोन लावला. स्पीकरवर, नेहमीप्रमाणं, दोन्हीकडून ओरडून.

"अगं, टिपऱ्यांच्या आबाचा पिक्चर बघ. शुक्रवारच्या आत जा."

"आता घट बसणार की गं. नवरात्र झाल्यावर जाऊ."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलवर काढून बघितलं. उद्याचे शो आहेत, पण शुक्रवारनंतरचं काही उघडलेलंच नाही. आणि २ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याला, 'कांतारा'चा नवा भाग येतोय. म्हणजे कुठला पडदा कुणाला मिळणार हे काय सांगायला पाहिजे? मी मान हलवली.

"मग राहू दे," आत्या म्हणाल्या. "मीच सांगते. बस खाली."

आणि सांगितला. अर्धा तास. खाण नाही, सूड नाही, इंटरव्हलनंतरचं जवळजवळ काहीच नाही. म्हातारा आरशासमोर बसतो, हा रंग घेतो, तो रंग घेतो, पोरगा मागं उभा राहून बघतो, बापाला कळतं की पोरगा बघतोय, तरी तो मान वळवत नाही. काही गोष्टी सिनेमात होत्या की आत्यांनीच घातल्या, ते आता मला आठवेना. पलीकडून मावशींचा 'हूं' तेवढा येत होता. मधेच त्या म्हणाल्या, "थांब, गॅस बंद करून येतो," आणि परत आल्यावर, "हां, रंग लावला, पुढं?"